बालकाचे स्वातंत्र्य व पालकांची देखरेख : एक भाषिक विचार

बालकाचे स्वातंत्र्य आणि पालकांची देखरेख या परस्परविरोधी गोष्टी असून एक वाढली की दुसरी घटते, असा सर्वसाधारण समज आहे. विकासाच्या मानसशास्त्राच्या दृष्टीने तो अपुरा ठरतो. मूल मोठे होते तेव्हा देखरेख नाहीशी होत नाही; ती पालकाकडून हळूहळू मुलाच्या स्वतःकडे येते. हे संक्रमण बव्हंशी भाषेच्या द्वारे घडते. म्हणून तो भाषाभ्यासकाच्याही आस्थेचा विषय होय.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मूल ‘मीच घालणार’, ‘मला करू दे’ असे म्हणू लागते. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे स्वायत्तता आणि लज्जा-संशय यांच्यातील द्वंद्वाचा हा काळ. ‘मला करू दे’ हा प्रयोग येथे उद्बोधक आहे. मूल आईला निघून जाण्यास सांगत नाही. ते अनुज्ञा मागते, म्हणजेच तिची उपस्थिती गृहीत धरते.

पुढे खेळताना मूल स्वतःशी मोठ्याने बोलू लागते. झाँ पियाजे यांनी १९२३ साली या बोलण्यास आत्मकेंद्रित भाषण म्हटले व समाजाभिमुखता वाढताच ते लोपते असे मानले. लेव्ह विगॉट्स्की यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी आणल्या. चित्र काढताना हवी ती रंगीत पेन्सिल मिळू दिली नाही. तेव्हा हे भाषण जवळजवळ दुपटीने वाढले. यावरून १९३४ साली त्यांनी असे प्रतिपादिले की हे भाषण कृतीचे नियमन करते आणि लोप न पावता अंतर्मुख होते. वडीलधाऱ्यांची सूचना मूल प्रथम मोठ्याने, मग पुटपुटत व अखेर मनातल्या मनात स्वतःला देते.

सूचनेच्या रूपाला महत्त्व येते ते यामुळेच. जिना उतरणाऱ्या मुलाला आपण ‘पडशील!’ असे म्हणतो. हे भविष्यकाळी रूप परिणाम सांगते, उपाय सांगत नाही. ‘पळू नकोस’ हा केवळ निषेध झाला. ‘कठडा धर, मग पाय टाक’ यात मात्र कृतींचा क्रम आहे, आणि तो मुलाला एकटे असतानाही स्वतःस सांगता येतो. अर्थात भरधाव वाहनापुढे निषेधच योग्य. परंतु निषेधावरच थांबलेली देखरेख पालकाची पाठ वळताच संपते.

तथापि सूचना आत्मसात होण्यास सरावाची जागा लागते. उरण तालुक्यातील द्रोणागिरी परिसर या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. जुन्या गावात मुलाचा वावर अंगण, आळी, देऊळ, खाडीचा काठ असा पायरीपायरीने विस्तारतो व प्रत्येक पायरीवर कोणी आजी, कोणी काका नजर ठेवून असतात. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने येथे नवी वसाहत आखली. १९८९ साली जवळच न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आज येथील मोठ्या रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या अवजड गाड्यांची वर्दळ असते. संकुलाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच मूल थेट अशा रस्त्यावर येत असेल, तर मधल्या पायऱ्याच उरत नाहीत. तेथे मुलाचा हात न सोडणाऱ्या आईला अतिदक्ष म्हणणे अन्यायाचे होईल.

हा प्रश्न एकट्या द्रोणागिरीचा नाही. मेयर हिलमन व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या पाहणीत सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले १९७१ साली पालकांविना शाळेत जात. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. पालकांनी त्याचे मुख्य कारण रहदारीचे भय हेच सांगितले.

सारांश, मुलाला किती मोकळे सोडावे, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. कोणती सूचना ते आता स्वतःला देऊ लागले आहे आणि ती पाळून पाहण्यास सुरक्षित जागा आहे काय, हे दोन प्रश्न आधी विचारावयास हवेत. पहिल्याचे उत्तर घरातील संभाषणात सापडेल. दुसऱ्याची जबाबदारी मात्र नगररचनाकारांनाही टाळता येणार नाही.