जोडी तीच, पाणी वेगळे

२ जून १९३२. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाच्या गळाला एक मासा लागला. काट्यावर ठेवला तेव्हा वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित जास्त. लार्जमाउथ बास या माशाचा तो जागतिक विक्रम ठरला. दिवस महामंदीचे होते. पेरींच्या घरी तो मासा शिजवून खाल्ला गेला; नोंद तेवढी उरली. पुढची सत्याहत्तर वर्षे ती कुणाला गाठता आली नाही.

२ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली. त्यांचा मासा औंसभराच्या आत जड होता, पण नवा विक्रम धरायला दोन औंसांचा फरक लागतो. गंमत अशी की, हा मासा अमेरिकेत मिळालेला नव्हता. तो जपानच्या बिवा सरोवरातला होता. कुरिता यांनी गळाला आमिष लावले होते ते जिवंत ब्ल्यूगिलचे. बासप्रमाणेच ब्ल्यूगिलही मूळचा अमेरिकी.

अमेरिकेत ज्यांच्या शेतावर किंवा घरामागे स्वतःचे तळे असते, त्यांच्या पाण्यात ही जोडी हमखास सापडते. तिथे ती नीट जमवणे हे एक शास्त्र आहे. जपानमध्ये मात्र हीच जोडी कायद्याने नको ठरली आहे. तळ्यात मासे सोडताना नेमके काय मोजायचे, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चांगले कळते. शेततळ्यांच्या महाराष्ट्रात ते कळून घेण्यासारखे आहे.

तळे रिकामे करून मोजलेले मासे

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागातली कापसाची जमीन धुपून चालली होती. १९३५ मध्ये मृदसंधारणासाठी सरकारी खाते उभे राहिले आणि शेतोशेती तळी खोदली जाऊ लागली. पाणी अडले, गुरांची सोय झाली. मग सहाजिकच विचार आला की, यात मासेही का नसावेत? लोक हाताला येतील ते मासे तळ्यात सोडू लागले. एकदोन वर्षे मजा यायची आणि नंतर तळ्यात बोटभर लांबीचे असंख्य मासे नुसते वळवळत राहायचे. खाण्याजोगा एकही मिळायचा नाही.

अलाबामा राज्यातल्या ऑबर्न येथील कृषी संशोधन केंद्रात होमर स्विंगल नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. ते या प्रश्नाच्या मागे लागले. त्यांची पद्धत साधी आणि कष्टाची होती. प्रयोगाच्या तळ्यांत ठरावीक जातींचे मासे ठरावीक संख्येने सोडायचे, काही काळाने तळ्याचे सगळे पाणी काढून टाकायचे आणि आतला प्रत्येक मासा मोजून तोलायचा. वर्षानुवर्षे असे हिशेब मांडल्यावर १९५० मध्ये त्यांनी समतोल आणि बिघडलेल्या तळ्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी तळ्यांच्या व्यवस्थापनाचा पाया आजही तोच मानला जातो.

त्यांना जमलेली जोडी होती बास आणि ब्ल्यूगिलची. ब्ल्यूगिल हा तळहाताएवढा, चपटा मासा. कल्ल्याच्या झाकणावर मागच्या बाजूला काळा ठिपका. तो कीटक आणि पाण्यातले बारीक जीव खातो आणि उन्हाळ्यात अनेकदा वितो. बास हिरवट, अंगावर लांब काळसर पट्टा असलेला, आणि त्याचा जबडा थेट डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेला. नावातले मोठे तोंड ते हेच. पिल्लू असताना तोही पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, पण लवकरच माशांवर येतो. ब्ल्यूगिलने पिल्ले घालावीत, बासने ती खाऊन संख्या आटोक्यात ठेवावी आणि उरलेल्या ब्ल्यूगिलला वाढायला पुरेसे अन्न मिळावे, असा हा करार.

तो टिकतो आकड्यांवर. खत घालून पाणी हिरवे केलेल्या तळ्यात एकरी १ हजार ते दीड हजार ब्ल्यूगिल आणि १०० बास. खत न घालणाऱ्याने दोन्ही आकडे निम्मे करायचे. खत कशाला, तर त्याने सूक्ष्म शैवाल वाढते, शैवालावर बारीक जीव, त्यांच्यावर कीटक, कीटकांवर ब्ल्यूगिल आणि शेवटी बास. या साखळीत प्रत्येक पायरीवर मोठी घट होते. बासचे वजन एक किलोने वाढायला ढोबळमानाने दहा किलो ब्ल्यूगिल लागतात. म्हणून शिकारी थोडे आणि शिकार भरपूर, हे प्रमाण चुकवून चालत नाही. स्विंगल यांच्या हिशेबात मासे खाणाऱ्या माशांच्या एकूण वजनाच्या तिप्पट ते सहापट वजन इतर माशांचे असेल, तर तळे सर्वांत चांगले चालते.

संख्येइतकाच महत्त्वाचा क्रम. ब्ल्यूगिलची बोटुकली हिवाळ्याआधी सोडायची आणि बासची पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. बास शिकारीला लागतात तोवर ब्ल्यूगिल विण्याच्या बेतात आलेले असतात, म्हणजे ताट वेळेवर वाढले जाते. बास फार उशिरा आले तर तळे आधीच पिल्लांनी भरून जाते. मग ही भुकेली गर्दी बासच्या घरट्यावरही धाड घालते. नर बास शेपटीने तळाची माती झाडून घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो, पण चहूबाजूंनी टोळी आली की तो एकटा कुणाकुणाला हाकलणार?

सोडून दिलेला मासा

तळे बिघडते ते बहुधा मालकाच्या हौसेने. पहिली चूक घाईची. पहिल्याच वर्षी बास मोठे दिसू लागले म्हणून सगळे काढून घेतले, की ब्ल्यूगिलवरचा पहारा उठतो. त्यांची संख्या फुगते, अन्न तेवढेच राहते आणि सगळेच खुरटतात. असा मासा वयाने म्हातारा असतो, अंगाने मात्र बोटाएवढा.

दुसरी चूक दयेची, आणि अलीकडे हीच जास्त आढळते. गळाला लागलेला बास अलगद सोडवून पुन्हा पाण्यात सोडायचा, हा आता अमेरिकेतल्या हौशी मासेमारांचा शिष्टाचार झाला आहे. मोठ्या नदी-तलावांत त्याचा उपयोग होतो. एक-दोन एकरांच्या तळ्यात मात्र काही वर्षांत बासच बास होतात, मधल्या आकाराचे ब्ल्यूगिल संपतात आणि बास मोठ्या डोक्याचे, खपाटीला गेलेल्या पोटाचे दिसू लागतात. अशा मालकाला मत्स्यतज्ज्ञांचा सल्ला उलटा वाटतो. मोठे बास हवे असतील तर लहान बास काढा आणि खा. तळ्याची पोसण्याची ताकद ठरलेली असते. ती दोनशे उपाशी तोंडांत वाटायची की पन्नास धडधाकट माशांत, एवढाच निर्णय मालकाच्या हाती असतो.

आरोग्याचा हिशेबही इथे त्याच बाजूला पडतो. हवेतून आणि मातीतून पाण्यात आलेला पारा सूक्ष्मजीवांमुळे मिथिल पाऱ्यात बदलतो आणि अन्नसाखळीत वर वर साठत जातो. बास साखळीच्या टोकाला असल्याने मोठ्या, वयस्क बासच्या मांसात तो जास्त सापडतो. म्हणूनच अमेरिकेतली अनेक राज्ये ठरावीक जलाशयांतले बास किती खावेत, याच्या सूचना काढतात. गर्भवती आणि लहान मुलांसाठी त्या अधिक कडक असतात. ताटात लहान बास यावा, हे तळ्याच्याही हिताचे आणि खाणाऱ्याच्याही.

तिसरी चूक बदलीची. शेजारच्या तळ्यातून बादलीभर वेगळे मासे आणून टाकायचे, काहीतरी नवीन म्हणून. क्रॅपी नावाचा चवदार मासा असाच लहान तळ्यांत येतो, वारेमाप वाढतो आणि जमलेली घडी मोडतो.

बिवा सरोवरात काय झाले

तळ्याच्या मालकाकडे एक शेवटचा उपाय नेहमी असतो. फारच बिघडले तर पाणी काढून टाकायचे आणि नव्याने सुरुवात करायची. सरोवराचे पाणी काढून टाकता येत नाही.

जपानमध्ये बास पहिल्यांदा आला १९२५ मध्ये. आकाबोशी तेत्सुमा या उद्योजकाने तो हाकोनेजवळच्या आशी सरोवरात आणून सोडला. खायला होईल आणि गळ टाकण्याचा खेळही होईल, असा हेतू. ब्ल्यूगिल आला १९६० मध्ये. तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना हे मासे भेट दिले. अन्न म्हणून वाढवता येतील या आशेने त्यांनी ते मत्स्यसंशोधन संस्थेकडे सोपवले. तिथून ते बाहेर पसरले. पुढे गळ टाकण्याच्या छंदाची लाट आली आणि लोकांनी परस्पर नवनव्या पाण्यात बास सोडले. बिवा सरोवरात तो १९७४ मध्ये आढळला आणि १९८० च्या दशकात त्याची संख्या भडकली. ब्ल्यूगिलची लाट त्यानंतर आली.

बिवा हे जपानचे सर्वांत मोठे सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचे. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या माशांच्या जाती इथे आहेत. त्यांतलाच एक निगोरोबुना. मीठ आणि भातात महिनोन्महिने मुरवून त्याचा फुनाझुशी हा आंबटसर, उग्र वासाचा पारंपरिक पदार्थ करतात. या माशाची पिल्ले काठच्या वेतवनात, उथळ पाण्यात वाढतात. बासची शिकारीची आवडती जागाही तीच. वरून ब्ल्यूगिल इतरांची अंडी आणि पिल्ले खाणारा. काठ बांधून काढल्याने वेतवने आधीच आक्रसली होती. त्यात ही जोडी आली आणि देशी मासे दोन्हीकडून कोंडीत सापडले. अलाबामाच्या तळ्यात एकमेकांना आवरून धरणारे दोघे इथे मिळून तिसऱ्यांना खात होते.

शिगा प्रांताने २००३ पासून नियम लागू केला की, पकडलेला बास किंवा ब्ल्यूगिल पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. ते टाकण्यासाठी काठावर पेट्या ठेवल्या आहेत. २००५ मध्ये देशाच्या परकीय जातींविषयीच्या कायद्यानुसार बास पाळणे, नेणे-आणणे आणि सोडणे यांवर बंदी आली. आणि २००७ मध्ये बिवाकाठीच झालेल्या एका समारंभात अकिहितो, जे तोवर सम्राट झाले होते आणि स्वतः माशांचे अभ्यासक आहेत, त्यांनी जाहीरपणे सांगितले की, हे मासे आपणच आणले आणि आज जे झाले आहे त्याने मन दुखते.

आपल्या शेततळ्यात

बास आपल्या शेततळ्यांतला मासा नाही आणि त्याची गरजही नाही. पण स्विंगल यांचा हिशेब आपल्याला लागू होतो.

आपल्याकडे तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडतात, बहुधा ४:३:३ या प्रमाणात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. इथे कुणी कुणाची शिकार करत नाही. शिवाय हे मासे साचलेल्या पाण्यात विणत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. त्या प्रयोगाचा १० जुलै हा दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. याचा व्यवहारी अर्थ असा की, जितकी बोटुकली सोडाल त्याहून जास्त मासे तळ्यात होणार नाहीत. संख्या मालकाच्या हाती राहते.

चिलापीचे तसे नाही. मूळचा आफ्रिकेतला आणि १९५२ मध्ये भारतात आलेला हा मासा लहान वयात वितो, मादी पिल्ले तोंडात सांभाळते आणि तळे बघता बघता खुरट्या माशांनी भरते. अलाबामाच्या शेतकऱ्यांची तक्रार तीच होती. त्यावर एकतर केवळ नर चिलापीचे परवानगी असलेले बीज वापरतात किंवा पिल्ले खायला आपला देशी शिकारी मरळ सोडतात. मरळही उशिरा आणि बेताने सोडायचा, नाहीतर तो बोटुकलीच फस्त करतो. थाई मांगूर मात्र बंदी असलेला मासा आहे. कुणी गुपचूप बीज देऊ केले तरी घेऊ नये.

म्हणून मत्स्यबीजाच्या पिशव्या पाण्यात मोकळ्या करण्याआधी काही गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. ही जात तळ्यात विते का? विली तर पिल्ले कोण खाणार, आणि मासे कोण, कधी, किती काढणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, मुसळधार पावसात तळे भरून वाहिले तर पाणी कुठे जाते? सांडव्याला बारीक जाळी हवी, आणि तळे रिकामे करताना नको असलेले मासे दया म्हणून ओढ्यात सोडू नयेत. आज उजनीच्या जाळ्यांत चिलापी भरभरून येते आणि तिच्यावर अनेक घरे चालतात, हे खरे. पण ती तिथून परत काढता येणार नाही, हेही तितकेच खरे. शेततळे निदान रिकामे करता येते. ओढ्यात गेलेला मासा पुन्हा आपल्या हिशेबात येत नाही.