कोणतं दार, कोणतं नाव, कोणती किल्ली

दूरच्या सर्व्हरवर शिरायचं तर टर्मिनलमध्ये एसएसएच लिहून पुढे सर्व्हरचा पत्ता दिला की पुरतं. बाकीचं तो प्रोग्राम स्वतःच धरून चालतो: पोर्ट २२, आणि युजरनेम तुमच्या लॅपटॉपवर असेल तेच. लॅपटॉपवर तुम्ही ‘स्नेहल’ आणि सर्व्हरवर ‘अ‍ॅडमिन’ असाल, तर तिथेच अडकता. मग डॅश एल देऊन नाव सांगायचं, किंवा पत्त्याआधी नाव आणि अ‍ॅटचं चिन्ह लावायचं.

पोर्ट वेगळा असेल तर डॅश पी. मुळात २२ का? १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. ते टेलनेट आणि एफटीपीच्या जागी यावं अशी त्यांची इच्छा होती. एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर. मधला २२ मोकळा होता. तो त्यांनी मागून घेतला. एक लक्षात ठेवा: फाइल पाठवणाऱ्या एससीपीत पोर्टसाठी मोठा पी लागतो, कारण तिथे छोटा पी फाइलची वेळ आणि परवानग्या जशाच्या तशा ठेवण्यासाठी आधीच अडवलेला आहे.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दिसतो आणि हो की नाही विचारलं जातं. सगळे डोळे मिटून ‘यस’ लिहितात. माझी कळकळीची विनंती आहे, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून तो ठसा मागवून ताडून पाहा. समोरचं मशीन खरंच आपलं आहे ना, हे तपासायची हीच वेळ असते.

पासवर्डऐवजी स्वतःची किल्ली वापरत असाल तर तिची फाइल डॅश आयने द्यायची. फाइल खाजगी किल्लीची हवी, डॉट पब शेपटीची नव्हे. शिवाय ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती हातातही घेत नाही. आधी सीएचमॉड ६०० करावं लागतं.

तरीही दार उघडलं नाही तर डॅश व्ही. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पर्याय हाच. पडद्यावर एकेक पायरी उमटत जाते. ‘कनेक्टिंग टू’ या ओळीवरच बराच वेळ खोळंबलं तर पोर्ट चुकलाय किंवा फायरवॉल आडवी आलीय. ‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ दिसलं तर रस्ता मोकळा आहे, भानगड पुढे आहे. मग ‘ऑफरिंग पब्लिक की’ या ओळी मोजा. त्या एकामागून एक येत राहिल्या आणि शेवटी ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ आलं, तर दोष बहुधा किल्लीचा नसतो. तुमच्या एसएसएच एजंटकडे, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, साठलेल्या किल्ल्या आधी पुढे केल्या जातात. डॅश आयने दिलेली किल्ली एजंटमध्ये नसेल तर तिची पाळी शेवटी येते. सर्व्हर साधारणपणे सहाच प्रयत्न सोसतो. अशा वेळी डॅश ओ लावून ‘आयडेंटिटीजओन्ली इज इक्वल टू यस’ लिहायचं, म्हणजे सांगितलेलीच किल्ली पुढे होते.

सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये असेल, मधल्या मशीनवरूनच जाता येत असेल, तर डॅश, मोठा जे आणि त्या मशीनचा पत्ता.

हे सगळं रोज टंकायची गरज नाही. होम फोल्डरमधल्या डॉट एसएसएचमध्ये ‘कॉन्फिग’ नावाची फाइल करा, त्यात ‘होस्ट ऑफिस’ लिहून खाली पत्ता, युजर, पोर्ट आणि किल्लीची फाइल मांडा. दुसऱ्या दिवशी ‘एसएसएच ऑफिस’ एवढंच लिहायचं.