बंदराकडून बीचकडे: सिंधुदुर्गाचा मागोवा

देवगड, मालवण आणि वेंगुर्ला ही सिंधुदुर्गातली तीन जुनी बंदरं. यांतल्या एकाही गावात रेल्वे जात नाही. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि स्टेशनं मिळाली ती वैभववाडी, कणकवली, कुडाळ अशा आतल्या गावांना. किनाऱ्यावरचा माणूस कुडाळला उतरून पुढची एसटी शोधू लागला. त्याच्या आजोबांचा प्रवास नेमका उलट्या बाजूने व्हायचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली पणजीची बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला घेत जायची. ती खोल पाण्यातच थांबायची. मग ट्रंका, वळकट्या आणि ओकून हैराण झालेली पोरं होडीत उतरवायची आणि होडीने धक्का गाठायचा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबई बंद. पण गाव पहिल्यांदा दिसायचं ते समुद्राच्या बाजूने. आधी बंदर, मग बाजार, त्यामागे माडांची बाग आणि घरं.

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हा जिल्हा कसा बदलला हे पाहायचं तर हा उलटलेला रस्ता आधी ध्यानात घ्यावा लागतो. बोटी गेल्या आणि गावांनी समुद्राकडे पाठ केली. पुढे पर्यटन आलं आणि गावं पुन्हा समुद्राकडे वळली, पण आता बंदर म्हणून नव्हे, बीच म्हणून.

रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून १ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. नाव मिळालं ते मालवणच्या जलदुर्गाचं. त्याच्या वर्षभर आधी, १९८०मध्ये, गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ मुंबईच्या रंगमंचावर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या कानी घातली. माझं मत विचाराल तर या मुलखाची पहिली जाहिरात त्या नाटकाने केली. सरकारने सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा ठरवलं ते १९९७मध्ये, आणि ते ठरवणंही बरीच वर्षं कागदावरच राहिलं. तारकर्लीत तंबू निवास, मग हाऊसबोटी, मग स्कूबा डायव्हिंगची संस्था असं करत खरी वर्दळ सुरू झाली ती पुढच्या दशकांत.

मालवणचा किल्ला मात्र कोणी जाहिरात करो न करो, उभाच होता. नोव्हेंबर १६६४मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं, हिरोजी इंदुलकरांनी ते तडीस नेलं, आणि तीनेक वर्षांत सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट उभा राहिला. होडीतून जवळ गेलं तरी दरवाजा दिसत नाही. तटाच्या दोन बुरुजांमध्ये तो असा दडवलाय की अगदी पायाशी आल्यावरच सापडतो. आत राजाराम महाराजांनी १६९५मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. तिथली शिवाजी महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, डोक्याला जिरेटोप नाही. आणि भोवती खारं पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरींना आजही गोडं पाणी आहे.

किल्ल्यावर सगळेच जातात. दांडीच्या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याकडे मात्र फारच थोडे वळतात. किल्ल्याच्या बांधकामाचं पूजन जिथे झालं असं सांगतात ती ही जागा. खडकावर गणपती कोरलेला आहे, बाजूला चंद्र-सूर्य, आणि लाटांनी व शेंदराने त्यांच्या रेषा बोथट झाल्यात. आजूबाजूला जाळी वाळत घातलेली असतात. मोठ्या सोहळ्यांची जागा जवळच्या राजकोटात. तिथे डिसेंबर २०२३च्या नौदल दिनी उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४मध्ये कोसळला आणि पुढच्या वर्षी तिथे नवा, मोठा पुतळा उभा राहिला. समोर पाण्यात साडेतीनशे वर्षं लाटा खाणारा तट असताना हे घडावं, यावर मालवणात जे बोललं गेलं ते छापण्याजोगं नाही.

किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. प्रवाळ इथे किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे की तोंडावर काच बांधून पाण्यात डोकं घातलं तरी दिसतं. मच्छीमारांनी या घोषणेला पहिल्यापासून विरोध केला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ज्या पाण्यावर त्यांची रापण चालते त्याच पाण्यात त्यांना पाहुणं ठरवलं जाईल, ही ती धास्ती होती.

रापण हा प्रकार एकदा सकाळी उठून पाहायलाच हवा. एक होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल घेते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा, म्हातारे, पोरं, बाया, एका लयीत मागे मागे सरकत दोर ओढतात. जाळं जवळ आलं की वर पाखरं जमतात. शेवटच्या ओढीला तारली, पेडवे, बांगडे यांचा चंदेरी ढीग वाळूवर थडथडतो, आणि मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. पर्ससीन जाळ्यांच्या आणि रात्रीच्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीने या वाट्यांना ओहोटी लागली. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी समुद्रातला वाद मिटलेला नाही. रापणकारांची कितीतरी मुलं आता पॅरासेलिंगच्या बोटीवर किंवा स्नॉर्केलिंगला लोक नेण्याच्या कामावर असतात. दोष त्यांना देता येणार नाही. पण फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जातो तेव्हा अभयारण्य कशासाठी होतं हा प्रश्न पडतो.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे एक वाळूचा पट्टा आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात, म्हणून त्याला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. ओहोटीला त्यावर चहा, भजी, बनाना राइड, सगळं मांडलेलं असतं. “भरती इली की ह्या सगळा पाण्याखाली जाता,” होडीवाला सहज सांगतो आणि खुर्च्या आवरायला लागतो. पर्यटकाला बेट म्हणून हेच दाखवलं जातं.

खरी बेटं आहेत ती निवतीसमोर, वेंगुर्ला रॉक्स. एकावर दीपगृह आहे. ‘बर्न्ट आयलंड’ म्हणतात त्या बेटाच्या कपारींत भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. हा पक्षी आपल्या लाळेने घरटं बांधतो, आणि त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून त्यांची चोरटी तोड व्हायची. हुमायूं अब्दुलअली यांनी १९४०च्या दशकातच इथल्या कुररी आणि पाकोळ्यांवर लिहून ठेवलंय. या बेटांवर गर्दी होत नाही हे बरंच आहे, आणि होऊही नये.

वेंगुर्ल्याबद्दल मला राग येतो तो त्याच्या उपेक्षेचा. १६३७पासून डचांची वखार इथे होती. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती. आज त्या वखारीचं छप्पर गेलंय आणि भिंतींत झाडं उगवलीत. बॅरिस्टर नाथ पै, मंगेश पाडगावकर याच गावचे, पण पाट्या वाचून पुढे जाणाऱ्याला ते कळायचं नाही. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे मांडवी खाडीत स्त्रियांच्या बचत गटाने चालवलेली कांदळवनाची सफर. वल्हं मारत त्या झाडांची नावं सांगतात. इंजिन नाही, त्यामुळे खंड्या उडून जात नाही.

विजयदुर्गाकडे वळायचं तर दोन गोष्टी स्वच्छ सांगायला हव्यात. एक, फेब्रुवारी १७५६मध्ये इथे आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाईव्हच्या तोफा समुद्रातून, आणि जमिनीवरून साथ पेशव्यांची. तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या हाती लागला, पण किनाऱ्यावरची मराठ्यांची दर्यावर्दी ताकद त्या आगीत गेली ती कायमची. हा प्रसंग गाइड घाईत उरकतात. दुसरी गोष्ट ते रंगवून सांगतात, ती हेलियमची. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने याच किल्ल्यावरून हेलियम शोधला म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. लॉकियर विजयदुर्गाला आला हे खरं, पण १८९८च्या ग्रहणाला. १८६८चा शोध त्याने इंग्लंडात बसून लावला. ओटे तेवढ्याने लहान होत नाहीत. जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्य’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान मिळालं, त्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. आता तरी माहितीफलक तपासून लावावेत.

डोंगराकडची गोष्ट वेगळ्या चालीने गेली. आंबोलीत रविवारी धबधब्याखाली गाड्यांची रांग लागते, आणि थोड्या अंतरावर हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या पाण्यात एक लहान मासा राहतो. शास्त्राला तो २०२०मध्ये कळला, नाव मिळालं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाचं पाणी म्हणून तिथे कोणी जाळं टाकत नसे, मासा वाचला तो त्यामुळे. धामापूरचा तलावही असाच, १५३०च्या सुमाराचा, आजही शेतीला पाणी देणारा. सावंतवाडीला तर झाराप ते पत्रादेवीच्या बाह्यवळणाने हायवेवरची गर्दी टाळूनच जाते. चितार आळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यात रंगवला जाणारा दशावतारी गंजिफा, दहा अवतारांचे १२० गोल पत्ते, हे बघायला आता मुद्दाम आत वळावं लागतं.

चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालं, पण सेवा धड चालली नाही. पलीकडे गोव्यात मोपा उघडल्यावर बरेच पाहुणे तिकडूनच येऊ लागले. आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या खाड्यांवर पूल उभे राहताहेत. ते पूर्ण झाले की बोटी बंद पडल्यापासून पहिल्यांदाच मुंबईहून येणारा माणूस विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला याच क्रमाने येईल. लवकर रेडी गाठायच्या नादात तो वखारीपाशी थांबेल का, याची मला शंका आहे. पण मासळी बाजारापाशी नक्की थांबेल, आणि तिथून वखार चालत जाण्याइतकी जवळ आहे.