रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का जड?

भातकापणी आटोपून झोडणी सुरू झाली होती. मृदा आरोग्य पत्रिका वाटण्यासाठी नेऱ्याकडच्या एका गावात गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस शेतकरी जमले. सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, जस्त कशासाठी टाकायचे, हे एकेकाला समजावून देत होतो. शेवटी एक काकू पुढे आल्या. जमिनीचा कागद त्यांनी घडी करून कमरेला खोचला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसराच कागद काढला. म्हणाल्या, "भाऊ, मातीचं वाचलंत, आता हे माझं पण वाचा. सगळे म्हणतात नॉर्मल आहे. मग मला भरलेला हंडा का उचलवत नाही?"

कागद रक्ततपासणीचा होता. काकूंना थायरॉइडची गोळी दोन वर्षांपासून चालू. टीएसएच ३.१, शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४.२. म्हणजे आकडा बरोबर. पण थकवा तसाच, केस गळतात, पायाला मुंग्या येतात, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे हिला काम नको, असे घरात बोलणे सुरू झाले होते. त्या वर्षी लावणीला त्या दोनच दिवस उतरल्या. मध्यंतरी त्यांनी स्वतःच्या मनाने अर्धी गोळी वाढवून पाहिली, तर छातीत धडधड सुरू झाली. म्हणून पुन्हा कमी केली.

मी कृषी खात्याचा माणूस. "डॉक्टरांना विचारा" एवढेच म्हणू शकलो, आणि ते माझे मलाच बरे वाटले नाही. पुढे आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांजवळ दोन-तीनदा बसून हा विषय समजून घेतला. तेव्हा लक्षात आले की ज्याला माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतो, त्याला हा कागद अगदीच परका नाही. औषध ठरविणे हे डॉक्टरांचेच काम. पण डॉक्टरांना काय विचारायचे, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

उलटे गणित

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाखाली थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातून टी-४ आणि थोड्या प्रमाणात टी-३ ही संप्रेरके रक्तात जातात. शरीराचा एकूण वेग त्यांच्यावर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची छोटी ग्रंथी आहे, ती थायरॉइडला हुकूम सोडते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. गडी कामात मागे पडला की मालकाचा आवाज चढतो, तसा हा प्रकार. म्हणून टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढले, असे जे आपल्याकडे सर्रास बोलले जाते ते उलटे आहे. बहुतेक वेळा आकडा वर म्हणजे ग्रंथी कमी पडते आहे, आणि आकडा फार खाली म्हणजे ग्रंथीचे काम जास्त चालले आहे किंवा गोळी जास्त होते आहे. काकूंची धडधड त्यातलीच. उतारवयात अशी जादा गोळी हृदयाचे ठोके बिघडवते आणि हाडेही ठिसूळ करते.

दुसरा आकडा फ्री टी-४. इथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, मोकळा. आपल्या कोकणातल्या तांबड्या आम्लधर्मी जमिनीत स्फुरद अजिबात नसतो असे नाही, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात आणि पिकाला मिळत नाही. म्हणून आपण एकूण स्फुरद न पाहता उपलब्ध स्फुरद पाहतो. रक्तातला टी-४ असाच प्रथिनांना बांधलेला असतो, शंभरातला एक भागही मोकळा नसतो, आणि काम करतो तो मोकळाच. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिने वाढतात, त्यामुळे नुसता एकूण टी-४ पाहिला तर फसगत होते.

कागदावर छापलेली मर्यादा कशी ठरते, हेही माहीत असावे. निरोगी माणसांचे रक्त तपासून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे पडतात, ती मर्यादा. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच जण बाहेर पडणारच. तीस तपासण्यांचे पॅकेज केले तर निरोगी माणसाचाही एखाद-दुसरा आकडा ठळक छापून येतो. त्याने घाबरून जाऊ नये. टीएसएच वयाप्रमाणे थोडा चढतोही. तो मर्यादेच्या जरा वर, म्हणजे दहाच्या आत असेल आणि फ्री टी-४ बरोबर असेल, तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. पुष्कळांचा आकडा तोवर आपोआप खाली आलेला असतो. दहाच्या वर गेल्यास सहसा औषध सुरू होते. गरोदर बाईची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यासाठी मर्यादा निराळी असते आणि तिथे थांबून चालत नाही.

आणखी एक चूक गावोगावी दिसते. गोळी घेऊन टीएसएच नॉर्मल आला की "बरे झालो" म्हणून गोळी बंद. अहो, चुना टाकल्यामुळे सामू सुधारला आणि म्हणून पुढे चुना कधीच नको म्हटले, तर जमीन ऐकेल का?

नमुना कधी घेतला

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' या खारवट जमिनीत तग धरणाऱ्या भातजाती दिल्या, हे आपल्याकडच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच शेतकऱ्यांना हेही ठाऊक आहे की एकाच खाचरातली माती मे महिन्यात तपासली तर मीठच मीठ, आणि ऑगस्टमध्ये पावसाने धुऊन गेल्यावर तपासली तर क्षार बराच उतरलेला. अहवाल दोन्ही खरेच. रक्ताचेही तसेच आहे. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. म्हणून दरवेळी एकाच वेळेला, शक्यतो सकाळी आणि एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. गोळी चालू असेल तर त्या दिवशी आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावेत, त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. मोठ्या आजारपणातून नुकतेच उठलेल्याचाही आकडा फसवा येतो.

केसांसाठी, नखांसाठी म्हणून मेडिकलमध्ये ज्या बायोटिनच्या गोळ्या मिळतात, त्यांनी तर काही यंत्रांवर थायरॉइडचा आकडाच खोटा येऊ शकतो. तपासणीआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्या आणि डॉक्टरांना तसे सांगावे. थायरॉइडमुळे केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचे आणि बायोटिनमुळे थायरॉइडचाच रिपोर्ट बिघडायचा, असा हा फेरा.

गोळी घेण्याची रीतही महत्त्वाची. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. झिंक सल्फेट आणि स्फुरदाचे खत आपण एकत्र कालवत नाही, त्याच कारणासाठी. काकू तीनही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम घेत होत्या. वेळ वाचतो म्हणून!

नत्र-स्फुरद-पालाश बरोबर, पण जस्त?

मात्र एवढे असूनही काकूंचा टीएसएच नॉर्मल होता. कागद खोटा नव्हता. त्याला जे विचारले होते तेवढ्याचे त्याने उत्तर दिले होते. भाताच्या पानावर तांबूस, गंजल्यासारखे ठिपके पडतात, रोप खुजे राहते, त्याला खैरा म्हणतात. तो जस्ताच्या कमतरतेने होतो. नत्र, स्फुरद, पालाश यांचा अहवाल उत्तम असला तरी खैरा पडू शकतो आणि तिथे युरिया टाकत राहून काही होत नाही. काकूंनी वाढवलेली अर्धी गोळी हा तसाच युरिया.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काकूंना पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. काकू माळकरी. पाच वर्षांपूर्वी पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि तेव्हापासून बांगडा, सुकट, अंडे सगळे बंद. घरात दूध होते ते डेअरीला जायचे. बी-१२ हे जीवनसत्त्व मासे, मटण, अंडी, दूध यांतूनच मिळते, भाजी-भाकरीतून जवळपास मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे खाणे सुटले तरी दोन-चार वर्षे काही जाणवत नाही. मग पायाला मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा, थकवा. माणसाला पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आठवतही नाही. शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होते. ज्यांची थायरॉइड ग्रंथी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने बिघडवलेली असते, त्यांच्यापैकी काहींच्या पोटातही बी-१२ नीट शोषले जात नाही.

ही काही एका काकूंची गोष्ट नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी निघाले. या शेतकरी घरांतल्याच बायका. ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत नसांचे नुकसान चालूच राहते, ही गोष्ट डॉक्टर मंडळी मुद्दाम सांगतात.

काकूंचे बी-१२ आले १३८. दोनशेच्या खाली म्हणजे कमी, दोनशे ते तीनशे म्हणजे संशयाचा पट्टा, तिथे लक्षणे पाहून डॉक्टर ठरवितात. हिमोग्लोबिन १०.२. बाईला बाराच्या वर हवे. लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन नऊ, जे पंधराच्या खाली असणे म्हणजे कोठार रिकामे. गंमत अशी की आधीच्या साध्या रक्तगणनेत तांबड्या पेशींचा आकार अगदी बरोबर आला होता. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असले की मोठ्या होतात, आणि दोन्ही कमी असले की सरासरी बरोबर! पाणथळ आणि कोरड्या खाचराची माती एकत्र करून नमुना पाठवला की जे होते, तेच.

बी-१२ चे इंजेक्शन किंवा गोळ्या घेऊन मग तपासणी केली, तर आकडा भरपूर येतो आणि त्यातून काहीच कळत नाही. "ताकदीचे इंजेक्शन" घेण्याची आपल्याकडची सवय इथे नडते. आधी रक्त द्यावे.

ड जीवनसत्त्वाचे थोडक्यात. शेतावर राबणाऱ्याला ऊन कमी कसे, असे वाटते. पण आपल्याकडे चार महिने ढग, आणि बायका उन्हात असल्या तरी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या. वीसच्या खाली आकडा म्हणजे कमी. काही लॅब दुसऱ्या एककात छापतात, त्याला अडीचने भागावे. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठराविक आठवडे, डॉक्टर सांगतील तेवढीच. आठवड्याची पुडी रोज घेणारे लोक आहेत. त्याने रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

मिठाबद्दलही विचारणा होते. पेण-उरणच्या मिठागरांमुळे खडे मीठ आपल्याकडे सहज मिळते, पण खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकण्यावर २००६ पासून देशभर बंदी आहे. रोजच्या जेवणात आयोडीनचेच मीठ असावे. मात्र बिघडलेली ग्रंथी जास्त मीठ खाऊन सुधारत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो. आणि कोबी पिकविणाऱ्यांनी धास्ती घेऊ नये. शिजवलेला कोबी बेताने खाल्ल्याने थायरॉइड होत नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंना एक विनंती. गावात तपासणी शिबिर भरविता, चांगले आहे. पण रिपोर्टचा गठ्ठा शिपायाकडून घरोघरी पोचवून शिबिर संपवू नका. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बसतील अशी व्यवस्था आधी करा, मगच तारीख ठरवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले. कोणती तपासणी कुठे होते ते आरोग्य केंद्रात आधी विचारून घ्यावे, पॅकेजवाल्याला पैसे नंतर द्यावेत. आणि थकव्याबरोबर गळ्याला गाठ, उतरत जाणारे वजन, संध्याकाळचा ताप, खोकला, चालताना तोल जाणे यांपैकी काही असेल, तर शिबिराची वाट पाहू नये. सगळे आकडे बरोबर येऊनही उत्साहच नसेल, झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलावे. मनाचा आजार रक्तात दिसत नाही, पण तो आजारच असतो.

काकूंना बी-१२ ची इंजेक्शने झाली, लोहाची गोळी दुपारच्या जेवणाआधी आणि थायरॉइडची पहाटे उठल्याबरोबर. माळ उतरवावी लागली नाही. डेअरीला जाणाऱ्या दुधातले अर्धा लिटर आता घरात राहते, याची मुलाने थोडी कुरकुर केली म्हणे. हिमोग्लोबिन तीन महिन्यांत बाराला टेकले. पायाच्या मुंग्या उशिरा उपचार झाल्याने निम्म्याच कमी झाल्या आहेत. त्यातल्या किती जातील ते डॉक्टरही सांगत नाहीत. या पावसाळ्यात लावणीला त्या आठ दिवस होत्या. बांधावर भेटलो तेव्हा त्यांच्या खाचरात दोन ठिकाणी रोप तांबूस दिसले. जस्ताचे विचारले तर म्हणाल्या, "ते तेवढं राहिलं बघा."