संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

पेढीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला पक्षाघाताचा झटका येतो, तेव्हा साऱ्या घराची घडी विस्कटते. ज्या हाताने चाळीस वर्षे वही लिहिली, तराजू धरला, रोज सकाळी मंदिरात अभिषेकाचा कलश उचलला, तो हात अंथरुणावर निश्चल पडलेला पाहणे घरातल्यांना असह्य होते. जीव वाचला याचे समाधान दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : अण्णांचा हात पुन्हा चालेल का?

अशाच एखाद्या दिवशी रुग्णालयातील डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट काही कागद घेऊन येतात. पुनर्वसनाच्या एका पद्धतीवर येथे क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांच्या सहभागाने होणारी उपचाराची चाचणी सुरू आहे, आपले रुग्ण तिच्या निकषांत बसतात, आपली तयारी आहे का, असे ते विचारतात. थोरला मुलगा तत्काळ म्हणतो, "अण्णांवर प्रयोग करू देणार नाही." धाकटा म्हणतो, "नवीन आहे म्हणजे चांगलेच असणार, सही करून टाकू." दोन्ही उत्तरे घाईची आहेत. मालाचा नमुना हातात घेऊन पारखल्याशिवाय सौदा न करणारी आपली माणसे या कागदापाशी मात्र भीतीने किंवा भाबडेपणाने निर्णय घेतात, म्हणून हा लेखप्रपंच.

व्यायामाची कसली चाचणी?

नव्या औषधाची चाचणी आवश्यक आहे, हे कोणालाही पटते. पण हातापायांच्या व्यायामाची चाचणी कशासाठी? व्यायामाने कधी कोणाचे वाईट होते का? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांतील चाचण्यांनीच दिले आहे.

पक्षाघातानंतर रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके अधिक उठवू-चालवू तितके चांगले, अशी अनेक तज्ज्ञांची धारणा होती. ती पारखण्यासाठी पाच देशांतील ५६ केंद्रांत २१०४ रुग्णांच्या सहभागाने 'अ‍ॅव्हर्ट' नावाची चाचणी झाली. एका गटाला पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि अधिक प्रमाणात अंथरुणाबाहेर आणले गेले, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी चांगली सुधारणा असलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ४६ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ५० टक्के होते. अति उत्साहाने केलेली घाई हितकारक ठरली नव्हती.

अमेरिकेतील एका चाचणीत ४०८ रुग्ण सहभागी झाले. शरीराचा भार दोरपट्ट्यांनी उचलून धरणाऱ्या चालनयंत्रावरील प्रशिक्षण आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले शक्तीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम यांची तीत तुलना झाली. वर्षभरानंतर एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता सुधारली होती, परंतु महागडे यंत्र घरच्या व्यायामापेक्षा सरस ठरले नाही. हे निष्कर्ष २०११ साली आले. रुग्णालयांना यंत्रे देणगी देणाऱ्या आपल्या न्यासांनी ही माहिती ध्यानात ठेवावी. यंत्राच्या किमतीबरोबरच ते चालविणारा प्रशिक्षित माणूस आहे का, आणि साध्या व्यायामाहून त्याचा लाभ अधिक असल्याचे सिद्ध झाले आहे का, हे विचारणे दात्याचे कर्तव्यच आहे.

काही चाचण्यांनी आशेचे दारही उघडले. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत, चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घालून दोन आठवडे दुर्बल हाताकडूनच कामे करवून घेण्यात आली. ज्यांच्या मनगटात व बोटांत थोडीफार हालचाल शिल्लक होती, अशाच रुग्णांची यासाठी निवड झाली होती. त्यांच्या हाताच्या वापरात लक्षणीय सुधारणा झाली. २००६ सालच्या या निष्कर्षांनी ही पद्धत जगभर मान्य झाली.

भारतातील एक मोठी नोंद

आपल्या घरांना सर्वांत जवळची चाचणी भारतातच झाली. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट थोडे आणि घरात माणसे अनेक. मग कुटुंबातील एका व्यक्तीला शिकवून तिच्याकडून घरीच व्यायाम करवून घेतले तर? हा विचार घेऊन देशातील १४ रुग्णालयांत २०१४ ते २०१६ या काळात 'अटेंड' ही चाचणी झाली. झटका येऊन महिन्याहून कमी काळ झालेले १२५० रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे नातलग तीत सहभागी झाले.

या विचाराशी कोणाचे दुमत असेल? सेवाभाव तर आपल्या घरांचा संस्कार आहे. परंतु २०१७ साली निष्कर्ष आले, तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, होते. या विशिष्ट प्रशिक्षणाचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसून आला नाही.

याचा अर्थ घरच्यांची सेवा व्यर्थ आहे, असा मुळीच नाही. दोन्ही गटांतील रुग्णांना घरच्यांचा आधार होताच. एवढेच दिसले की, तज्ज्ञांची उणीव नातलगांना थोडे शिकवून भरून निघेल, ही अपेक्षा फोल ठरली. १२५० कुटुंबांनी होकार दिला नसता, तर हीच योजना गावोगावी राबविली गेली असती, आणि रुग्ण सुधारला नाही की घरातील सुनेला वाटले असते की आपलीच सेवा कमी पडली.

सच्चा व्यापारी वहीत नफ्याइतक्याच काटेकोरपणे तोटाही लिहितो. तोटा लपविणारी वही पुढच्या वर्षी पेढी बुडविते. वैद्यकशास्त्रातही हाच नियम आहे. हिशेब लपविता येऊ नये म्हणून भारतात २००७ सालापासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही सार्वजनिक नोंदवही सुरू आहे. १ एप्रिल २०१८ पासून तीत चाचणीची नोंद पहिल्या रुग्णाचा सहभाग होण्याआधीच करावी लागते. कोणते रुग्ण घेणार, काय मोजणार, चाचणी कोठे होणार, संपर्क कोणाशी साधायचा, हे संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. घरातील शिकत्या मुला-मुलींनी ही नोंद शोधून वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी.

गैरसमज आणि वास्तव

"आपल्या वाट्याला काहीच उपचार आले नाहीत तर?" ही पहिली भीती. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरते. ते डॉक्टर ठरवीत नाहीत आणि ओळखीपाळखीनेही ठरत नाही. मात्र पुनर्वसनाच्या चाचण्यांत सामान्यतः दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळतातच. ते कोणते, हे आधीच विचारून घ्यावे. सुधारणा मोजणाऱ्या व्यक्तीला रुग्ण कोणत्या गटात आहे हे शक्यतो सांगितले जात नाही, कारण आपल्या आवडीच्या पारड्याकडे नजर झुकणे हा मनुष्यस्वभाव आहे.

याच्या उलट गैरसमजही तितकाच घातक असतो. चाचणी म्हणजे खास उपचारांची हमी नव्हे. नवी पद्धत उपयोगी आहे की नाही हे ठाऊक नसते, म्हणूनच चाचणी घेतली जाते. कोणी खात्रीने बरे करण्याचे आश्वासन देऊन सही मागत असेल, तर तेथे थांबावे.

रुग्णांच्या हिताचे रक्षण करण्यासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आवश्यक असते. या समितीत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती आणि सामान्य नागरिकही असतात, आणि तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी होणारा जादा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. संशोधनामुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांचा अधिकार त्याला असतो. आणि कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते. त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत कपात होता कामा नये.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

संमतिपत्र मराठीत मागावे आणि घरी आणून शांतपणे वाचावे. मग पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. ही चाचणी नोंदविलेली आहे का, आणि तिचा क्रमांक काय? आम्ही नाही म्हटले तर कोणते उपचार मिळतील? संभाव्य धोका कोणता? किती वेळा यावे लागेल, किती महिने, आणि प्रवासखर्च मिळेल का? इजा झाल्यास जबाबदारी कोणाची? माहिती गुप्त राहील का? निष्कर्ष आम्हाला कळविले जातील का?

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. रुग्णाचे उपवास, एकासन, चौविहार यांची कल्पना संशोधकांना आधीच द्यावी. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास धरून व्यायाम केल्यास मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाला चक्कर येण्याचा धोका असतो. औषधांच्या वेळाही त्यानुसार ठरवाव्या लागतात. दुसरी गोष्ट, रोज घरी व्यायाम करवून घेण्याची अट असेल, तर ते कोण करणार? उत्तर बहुधा सुनेकडे किंवा पत्नीकडे बोट दाखवून दिले जाते. होकार देण्यापूर्वी तिला विचारावे. तिच्या वेळेचा आणि पाठीच्या दुखण्याचाही हिशेब या सौद्यात धरला पाहिजे.

दानाचे एक वेगळे रूप

अपंगांच्या पुनर्वसनाशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि जयपूर फूट विनामूल्य लाखो गरजूंपर्यंत पोहोचला. मात्र तो पाय रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून घडला होता. अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल असा पाय हवा, हे कळण्यासाठी तो वापरणाऱ्या माणसांचा अनुभव आवश्यक होता.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो. चाचणीतील सहभाग हे एका अर्थाने शास्त्रदानच आहे. त्याचे फळ दात्याला मिळेलच असे नाही. ते ज्याला मिळेल तो कदाचित अजून जन्मालाही आला नसेल. परंतु दान समजून-उमजून आणि स्वेच्छेने दिले तरच ते दान. नकार देण्यातही कमीपणा नाही. धोका अधिक वाटला, घरची परिस्थिती अनुकूल नसली, तर नम्रपणे नाही म्हणावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा निर्णय मुळात रुग्णाचा आहे. आपल्या घरांत थोरला मुलगा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. पक्षाघातात पुष्कळदा वाचा जाते, पण समज शाबूत असते. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे गृहीत धरू नये. अण्णांच्या शेजारी बसावे, कागदातील एकेक गोष्ट सोप्या शब्दांत सांगावी, आणि त्यांच्या चालत्या हाताच्या किंवा डोळ्यांच्या खुणेची वाट पाहावी. ज्यांनी आयुष्यभर पेढीचे निर्णय घेतले, त्यांच्या शरीराचा निर्णय त्यांना न विचारता घेतला जाऊ नये.