जुना ट्रक, नवे ब्रेक

शेव्हर्ले कंपनीने १९४७ साली अमेरिकेत आणलेला पिकअप ट्रक तिथल्या हौशी मंडळींचा आजही लाडका आहे. गोलसर बॉनेट, मागे उघडा हौदा, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा. अनेक जण त्याला ताकदवान इंजिन बसवून हमरस्त्यावर काढतात. मात्र ब्रेक आणि स्टेअरिंग मूळचेच राहिले, तर प्रश्न हौसेचा न राहता जिवाचा होतो.

गाडीचा वेग दुप्पट झाला की तिची गतिज ऊर्जा चौपट होते. ती सगळी ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. या ट्रकच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या शूपासून दूर जातो. लायनरची पकडही सैल होते. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर थंड होते. म्हणून पहिला बदल पुढच्या चाकांना डिस्क बसवण्याचा. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाकेच करतात.

फरक किती पडतो? समजा, ताशी ८० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक लावले. एकीचे ब्रेक चांगले, दुसरीचे साधारण एकतृतीयांश कमजोर. पहिली ३६ मीटरवर थांबली, तर त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी सुमारे ४६ किलोमीटर असेल. समोर माणूस असेल, तर हा आकडा पुरेसा बोलका आहे.

दुसरा धोका मास्टर सिलिंडरचा. जुन्या रचनेत चारही चाकांना एकच ब्रेक ऑइलची वाट असे. एक नळी फुटली की पेडल थेट तळाशी! दुहेरी सिलिंडरमध्ये एक वाट गेली तरी दुसरी काम करते. शेव्हर्लेच्या पिकअपना तो १९६७मध्ये मिळाला, पुढच्या डिस्क १९७१मध्ये. डिस्कला पेडलवर जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर हवा. मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्हही हवा. नाहीतर रिकाम्या हौद्याची हलकी मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी फिरते. ब्रेक ऑइलही वेळेवर बदलावे. ते हवेतले पाणी शोषते. डॉट-३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही.

स्टेअरिंगचे दुखणे वेगळे. चाक बोटभर फिरवूनही गाडी वळत नसेल, तर आधी किंगपिन, सांधे आणि स्टेअरिंग बॉक्सची झीज तपासावी. झिजलेल्या भागांवर पॉवर स्टेअरिंग चढवले, तर हात हलका होतो, दोष तसाच राहतो. शिवाय जुना स्टेअरिंगचा दांडा अखंड, ताठ असतो. समोरून धडक बसली की तो चालकाच्या छातीवर येतो. धडकेत आत दुमडणारा दांडा बसवणे हा छाती वाचवणारा बदल आहे.

शेवटची सूचना काम करणाऱ्या हातांसाठी. त्या काळच्या लायनरमध्ये सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली, तर हे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जातात. त्यातून होणारे फुप्फुसाचे आणि त्याच्या आवरणाचे कर्करोग अनेकदा काही दशकांनी दिसतात. म्हणून धूळ झाडू नये, फुंकू नये. ओली करून पुसावी, योग्य दर्जाचा मास्क लावावा आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत.

खर्चाचा क्रमही असाच असावा: आधी थांबणे, मग वळणे, आणि पळणे सर्वांत शेवटी.