स्प्रेन आणि स्ट्रेन

पायरी चुकून पाऊल वाकडे पडले की आपण म्हणतो, 'पाय मुरगळला'. भरलेला हंडा उचलताना कमरेत कळ आली की म्हणतो, 'उसण भरली'. ही दोन्ही दुखणी पुष्कळदा 'लचक' या एकाच नावाने ओळखली जातात. इंग्रजीत त्यांच्यासाठी दोन शब्द आहेत : स्प्रेन आणि स्ट्रेन. एका अक्षराच्या फरकामुळे भलेभले सुशिक्षितही त्यांची अदलाबदल करतात.

हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. सांधा नको तितका वळला की हे बंध ताणले जातात, क्वचित तुटतातही. ही दुखापत म्हणजे स्प्रेन. तिचे नेहमीचे ठिकाण घोटा. पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूचे बंध दुखावतात. स्ट्रेन मात्र स्नायूची, किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेची दुखापत होय. धावताना मांडीच्या मागे अचानक कळ येते किंवा ओझे उचलताना कंबर धरते, तो स्ट्रेन. थोडक्यात, सांधा मुरगळला तर स्प्रेन. स्नायू ताणला तर स्ट्रेन. आपल्या 'मुरगळणे' आणि 'उसण भरणे' या शब्दांत हा भेद बराचसा आलेलाच आहे.

दोन्हींत वेदना व सूज असते. कातडी काळीनिळीही पडते. परंतु स्प्रेनमध्ये सांधा हलवणे कठीण जाते व कधी तो डळमळीत वाटतो. स्ट्रेनमध्ये तो विशिष्ट स्नायू आखडला किंवा ताणला की कळ येते, आणि त्यात गोळाही येतो.

प्रारंभीचा उपचार दोन्हींवर जवळजवळ सारखाच आहे. विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, बेताचा आवळ असलेली पट्टी आणि अवयव उंचावर ठेवणे, हे चार उपाय अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 साली एकत्र मांडले. पुढे 2014 मध्ये त्यांनीच आपले मत सुधारले. बर्फाने वेदना कमी होते, पण बरे होण्याची क्रिया लांबू शकते, असे त्यांनी लिहिले. म्हणून बर्फ वेदनेपुरताच, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे लावावा. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश टाळावी. त्यानंतर मात्र अंथरुणाला खिळून न राहता सोसेल तितकी हालचाल सुरू करणे हितावह असते.

खरा धोका निराळाच आहे. 'नुसती लचक आहे' असे समजून आपण पाय चोळत बसतो आणि आत हाड मोडलेले असते. यासाठी कॅनडातील ओटावा येथे 1992 साली डॉक्टरांनी काही नियम ठरविले. घोट्याभोवती दुखत असून, आतल्या वा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकाशी किंवा मागच्या कडेवर दाबल्यास हाड दुखत असेल, अथवा दुखापत झाल्याबरोबर आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. पाऊल बधिर झाले किंवा सांध्याचा आकार बदललेला दिसला, तर क्षणाचाही विलंब नको.

तेव्हा यापुढे घरात कोणाचा पाय मुरगळला, तर तेलाची बाटली शोधण्यापूर्वी ही चार पावले आठवावीत.